मराठी मुद्रितशोधनाच्या टेबलावर लिनक्स मिंट

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर टाकता येणारी यंत्रणा. तिची परीक्षणं बहुतेक संगणकवाल्यांनीच लिहिलेली असतात. कर्नल कुठला, रॅम किती खातो, टर्मिनलचा रंग कसा बदलायचा. मला यातलं फारसं काही लागत नाही. ळ कुठल्या कळीवर आहे, ‘दऱ्याखोऱ्या’ नीट उमटतात का, प्रकाशकाने पाठवलेली वर्डची फाइल उघडल्यावर पानं हलतात का, एवढं कळलं की माझं काम भागतं. शिवाय रात्री अकराला प्रूफ पाठवायचं असताना यंत्र ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ म्हणत अडून बसणार नाही ना, हेही मला कळायला हवं. या चार प्रश्नांची उत्तरं कुठेच एकत्र मिळाली नाहीत, म्हणून वापरून झाल्यावर लिहिते आहे.

मी सांगलीत घरून मुद्रितशोधन करते. पावसाळ्यात दिवाळी अंक, एरवी पुस्तकं, मार्च सरला की एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. लॅपटॉप २०१५ सालचा, इंटेलच्या पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचा. त्यावरच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझं यंत्र दोन्हींत नापास. घरगुती वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट देऊ केली आहेत खरी, पण ती मुदत संपली की पुन्हा हेच रडगाणं. पडदा स्वच्छ आहे, कीबोर्डवर बोटं बसलेली आहेत, निव्वळ प्रोसेसरची पिढी जुनी म्हणून यंत्र भंगारात काढणं मला पटेना.

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याला माझ्या लॅपटॉपवर आर्च हे जाणकारांसाठीचं लिनक्स बसवायचं होतं. त्याला चहा आणि थालीपीठ दिलं आणि लिनक्स मिंटवर आणलं.

मिंट २००६ पासून आहे. क्लेमाँ लफेव्र यांनी ते सुरू केलं आणि आजही तेच त्याचे प्रमुख आहेत. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं, पण उबुंटूपेक्षा जुन्या वळणाचं. आवृत्त्यांना बायकांची नावं देण्याची त्यांची पद्धत आहे: २२ ची विल्मा, २२.१ ची झिया आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २२.२ ची झारा. माझ्याकडे झारा आहे, सिनॅमन रूपातली. या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. विंडोज ७ वर ज्याने चार वर्षं काम केलं असेल त्याला इथे कुणी काही शिकवायची गरज नाही. फार जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई नावाचं हलकं रूपही मिळतं.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवायची, पेन ड्राइव्हवर चढवायची, त्यावरून यंत्र सुरू करायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. डिस्क पूर्ण पुसायची की विंडोजच्या शेजारी जागा करायची, हा एकच प्रश्न डोळे उघडे ठेवून वाचण्यासारखा. माझ्या कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत्या, म्हणून मी पूर्ण पुसायला सांगितलं. अडचण आली ती वायफायची. लॅपटॉपमधली वायफायची चिप मिंटला ओळखूच येईना, आणि ती ओळखायला लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवर! फोन यूएसबीच्या वायरीने जोडला, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने सुचवलेला ड्रायव्हर बसवला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. त्यानंतर वायफायने त्रास दिलेला नाही. वायर मात्र डेटा जाणारी हवी. नुसती चार्जिंगची असेल तर ही युक्ती चालत नाही.

वेगाबद्दल लोक जे सांगतात त्यात थोडं पाणी आहे. लिनक्स टाकलं आणि जुना लॅपटॉप पळायला लागला, असं सांगणाऱ्याने बहुधा त्याच वेळी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्कही बसवलेली असते. मीही बसवली, २५६ जीबीची, आणि रॅम ४ वरून ८ जीबी केली. भाच्याने आधी त्याच एसएसडीवर विंडोज १० चालवून दाखवलं होतं, तेव्हाच अर्धा फरक पडला होता. उरलेला अर्धा मिंटचा. सुरू झाल्यावर ते मागे काहीबाही करत बसत नाही, पंखा गुरगुरत नाही, आणि फायरफॉक्समध्ये पंधरा टॅब, वर्डच्या जागी चालणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये तीनशे पानांची कादंबरी आणि शेजारी पीडीएफ असं एकदम उघडूनही टायपिंग अडखळत नाही. फिरती हार्ड डिस्क तशीच ठेवून नुसतं मिंट टाकलंत तर फार आशा धरू नका.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते.

मी इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी कीबोर्ड मांडणीने टाइप करते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ जोडलं, भाषा बदलायची कळ ठरवली आणि लगेच टाइप करायला लागले. काही उतरवून घ्यावं लागलं नाही, कुठला कीबोर्ड मॅनेजर विकत घ्यावा लागला नाही. बोटांची सवय जशीच्या तशी चालली: ल च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ळ, र च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ. त्या ऱ ला हलन्त आणि य जोडला की ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ सगळं जागच्या जागी. कानडी, गुजरातीच्या इन्स्क्रिप्टमध्येही क च्या जागी त्या भाषेचा क असतो, हा आपल्या सरकारी मानकाचा गुण आहे आणि त्याचं कौतुक फार कमी होतं.

माझी लेक नववीत आहे. तिला इन्स्क्रिप्ट येत नाही आणि शिकायचंही नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहायची तिची सवय. तिच्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसचं एम१७एन नावाचं पॅकेज बसवलं आणि त्यातली मराठी आयट्रान्स पद्धत निवडली. चालते, पण फोनसारखी नाही. फोन पुढचा शब्द सुचवतो, चुकलेलं स्पेलिंग समजून घेतो. आयट्रान्स तसलं काही करत नाही. ण साठी मोठा एन, ळ साठी मोठा एल दाबायलाच हवा, नाहीतर ‘बाळ’चं ‘बाल’ होतं. लेक आठवडाभर कुरकुरली, मग तिने नियम पाठ केले. कगप नावाची आणखी एक ध्वन्यनुसारी मांडणी मूळ यादीतच आहे, पण आमच्याकडे ती कुणी वापरलेली नाही. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर परीक्षा देऊन हात बसवलेल्यांनी मात्र आपली मांडणी इथे नीट मिळते का हे आधी पाहून घ्यावं.

अक्षरांच्या दिसण्याबद्दल मी साशंक होते. साताठ वर्षांपूर्वी एका ग्रंथालयातल्या लिनक्सवर पाहिलेलं मराठी बारीक, दाताळं आणि जोडाक्षरं सुटी पडलेलं होतं. आता तसं नाही. मिंटमध्ये लोहित आणि नोटो कुळातले देवनागरी फॉन्ट चालतात, आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मी वरून टाकला. फाइलवर दोनदा क्लिक केलं की फॉन्ट बसतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी असेल तर लोहितमधला ल दंडाचा येतो, मराठी निवडली की तोच ल पाकळ्यांचा होतो, श सुद्धा आपल्या वळणाचा. राज्य सरकारने २०२२ च्या शासननिर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं आहे. सरकारी छपाईतच ते कितपत पाळलं जातं हा वेगळा विषय, पण पाठ्यपुस्तकाचं प्रूफ वाचणाऱ्याला हा फरक पडद्यावर दिसणं मोलाचं आहे.

एक गोष्ट नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला चकवते म्हणून सविस्तर सांगते. लिब्रेऑफिस रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे धरतं. देवनागरी त्याच्या लेखी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वर्गातली. ओळीत मराठी आणि इंग्रजी मिसळलेली असेल आणि तुम्ही स्टाइलमध्ये जाऊन आकार १४ केलात, तर इंग्रजी शब्द वाढतात आणि मराठी तसेच बारीक राहतात, कारण मराठीचा आकार त्याच खिडकीत दुसरीकडे द्यायचा असतो. हे एकदा कळलं की उलट सोय वाटते: मराठी १४ चं, इंग्रजी १२ चं, एकाच स्टाइलमध्ये. ज्यांना हे कुणी सांगत नाही ते ‘लिनक्सवर मराठी नीट चालत नाही’ म्हणून मोकळे होतात.

आता मंगल. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मराठी वर्ड फाइली मंगलमध्ये असतात आणि मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, लिनक्ससोबत येत नाही. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन असे मापात मिळणारे फॉन्ट आहेत, त्यामुळे इंग्रजी पत्र उघडलं की ओळ न् ओळ जागेवर राहते. मंगलच्या जागी येणाऱ्या फॉन्टचं माप वेगळं. एका संस्थेचं इतिवृत्त त्यांच्याकडे दोन पानांत बसत होतं, माझ्याकडे तीन पानांवर गेलं आणि सह्यांची जागा एकटीच तिसऱ्या पानावर. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत फॉन्ट बदलून दाखवायचा तक्ता आहे, तिथे मंगलसमोर मापाला त्यातल्या त्यात जवळचा फॉन्ट नेमून ठेवलाय. तरीही पानांची मोजणी महत्त्वाची असेल तर मी त्यांच्याकडूनच पीडीएफ मागवते. माझं काम शब्दांचं असल्याने यात माझं अडत नाही. अर्जांचे ठरलेले नमुने भरून देणाऱ्याचं अडेल.

बदलांच्या खुणा आणि समासातल्या टिपा वर्ड आणि लिब्रेऑफिस यांच्यात ये-जा करताना टिकतात. हे मी संपादकांकडून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतलं आहे, कारण माझी रोजीरोटी त्यावर आहे. लांबलचक तळटीपा आणि तक्ते असलेल्या एका प्रबंधात तक्त्याच्या रेघा हलल्या, मजकूर नाही. शोधा-बदलाची खिडकी मला वर्डपेक्षा जास्त आवडते. मराठीत ॲ हे अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असतं, कुणी एकसंध ॲ लिहितं, कुणी अ वर चंद्र चढवतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच. पऱ्यांच्या आणि तऱ्यांच्या अर्ध्या र चंही तेच, कुणी ऱ ला हलन्त देतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक ठेवतं. तीन लेखकांचा मजकूर एकत्र आला की शोध अर्धवट चालतो. मी काम हातात घेतल्याबरोबर दोन्ही बदल सगळीकडे एकदम करून टाकते, मग पुढचं वाचन. मराठी शब्दतपासणीचं जोडकाम लिब्रेऑफिसला लावता येतं. ऱ्हस्वदीर्घाच्या ठळक चुका ते पकडतं, पण ‘घरासमोरच्यांनाही’ असा शब्द आला की लाल रेघ मारतं. मराठी शब्दाला किती शेपट्या लागू शकतात हे कुठल्या यंत्राला सांगायचं! मला त्याचा उपयोग थकलेल्या डोळ्यांना दुसरी जोडी म्हणून होतो.

खरा खड्डा जुन्या फॉन्टचा आहे. आपल्याकडचे कितीतरी अक्षरजुळणी करणारे अजून पेजमेकर आणि श्रीलिपी यांवर काम करतात. ती विंडोजची दुनिया. त्यातला मजकूर युनिकोड नसतो, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे ती फाइल माझ्याकडे उघडली तर भलतीच चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी साधनं ब्राउझरमध्ये चालतात, मात्र रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि मग मूळ प्रुफापेक्षा रूपांतराचं प्रूफ जास्त वाचावं लागतं. इथे लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, हीच फाइल श्रीलिपी नसलेल्या विंडोजवरही अशीच दिसते. मी आता अशा ठिकाणाहून फक्त पीडीएफ घेते. पीडीएफमध्ये फॉन्ट गुंडाळलेला असतो, दिसायला सगळं चोख. शब्द शोधता तेवढा येत नाही.

पीडीएफवर खुणा करायला मिंटसोबत येणारा एक्सरीडर तोकडा वाटला. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ओक्युलर घेतलं. पिवळा पट्टा मारायचा, टीप लिहायची, फाइल जतन करायची, जुळणी करणाऱ्याला त्याच्या विंडोजवरच्या वाचकात त्या टिपा दिसतात. हाताने खुणा करायची सवय ज्यांची सुटत नाही त्यांच्यासाठी झुर्नल++ आहे. स्वस्तातली पेन टॅबलेट जोडून मी त्यावर चक्क काकपद (राहिलेलं अक्षर घालायची खूण) काढते आणि समासात अक्षर लिहिते, जसं कागदावर लिहायचे. ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावरची डिजिटल सहीही ओक्युलर वाचून दाखवतं, सही कुणाची आणि केव्हाची. नवऱ्याची तासगावजवळ थोडी द्राक्षबाग आहे, कर्जाच्या वेळी पंधरा रुपये भरून सातबारा काढावा लागतो. तो फायरफॉक्समधून निघतो, पैसे फोनवरून जातात, विंडोज लागत नाही.

घरातल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बँक, आयकराचं विवरण, वीजबिल, रेल्वेचं तिकीट हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं आणि तिथे मिंट आहे की आणखी काही हे विसरायला होतं. झूमचं लिनक्ससाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे, गूगल मीट ब्राउझरमध्येच. व्हॉट्सॲप मिंटच्या वेब ॲप्स या सोयीने वेगळ्या खिडकीत ठेवलंय. फोनमधले फोटो त्याच वायफायवरून वॉर्पिनेटरने येतात, त्यासाठी फोनवर त्याचं जुळणारं ॲप टाकावं लागतं. सासूबाईंना मी अक्षरं मोठी करून, पट्टीवर एकच यूट्यूबचं चित्र ठेवून दिलं. त्यांच्या हरिपाठात खंड पडलेला नाही. लेकीला गणितासाठी जिओजेब्रा मिळालं. तिच्या मैत्रिणी खेळतात ते खेळ मिळाले नाहीत, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

मेनूची भाषा मी मराठी करून पाहिली. काही ठिकाणी मराठी, काही ठिकाणी इंग्रजी असं धेडगुजरी दिसलं, म्हणून पुन्हा इंग्रजी केली. ज्यांना हे अनुवाद पुरे करायची हौस असेल त्यांच्यासाठी दार उघडं आहे.

नडतं ते छपाईत. आमच्याकडचा लहानसा लेसर प्रिंटर जुना आहे. उत्पादकाने लिनक्ससाठी कधीकाळी केलेला ड्रायव्हर आजच्या यंत्रणेवर नीट बसत नाही. भाच्याने एक संध्याकाळ खर्चून तो बोलता केला, काही दिवसांनी तो पुन्हा मुका झाला. आता मी पीडीएफ फोनवर पाठवते आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते. गंमत म्हणजे बहिणीकडचा नवा वायफायचा प्रिंटर मिंटने मी काही न करता शोधून यादीत आणून ठेवला. हल्लीचे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालायच्या एका समान पद्धतीवर असतात, त्यांचा प्रश्न येत नाही. एचपीसाठी तर एचपीलिप नावाचं वेगळं पॅकेजच आहे. घरात दहा-बारा वर्षांचा लेसर असेल तर त्याच्या मॉडेलचं नाव आणि लिनक्स असं एकत्र शोधून मगच पुढचा विचार करा.

दुसरा अडसर डिजिटल सहीच्या टोकनचा. निविदा भरणारे, कंपन्यांची कागदपत्रं दाखल करणारे, यांच्याकडे यूएसबीचं टोकन असतं. काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण टोकन, ड्रायव्हर, ब्राउझर आणि सरकारी संकेतस्थळ यांची चौकडी जमवणं येरागबाळ्याचं काम नाही. शेवटच्या तारखेला तर नकोच. आणि टॅली. माझे दीर बेदाण्याच्या अडतीत हिशेब लिहितात, त्यांचा सगळा दिवस टॅलीत जातो. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. माझा लॅपटॉप पाहून त्यांना मोह झाला होता. मीच म्हटलं, भाऊजी, तुम्ही आहे तिथेच बरे आहात. फोटोशॉप आणि कोरलड्रॉवर पोट असणाऱ्यांनाही हेच सांगेन. त्यांच्या जागची गिंप, इंकस्केप चांगली आहेत, पण गिऱ्हाईक कोरलची फाइल मागतं तेव्हा चांगलेपणाचा उपयोग नसतो.

अपडेटबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. खाली उजवीकडे ढालीचं चित्र येतं, म्हणजे काहीतरी आलंय. मला वेळ असेल तेव्हा मी क्लिक करते, पासवर्ड देते, काम करता करता ते बसून जातं. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा बदलला तर पुन्हा सुरू करा असं सुचवतं, आपणहून बंद पडत नाही. त्याआधी टाइमशिफ्टने यंत्रणेची प्रत काढून ठेवायची सोय आहे. काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. ही प्रत यंत्रणेची असते. तुमची पत्रं, फोटो, कादंबऱ्या मूळ मांडणीत तिच्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवावीच लागते. मिंट सोबतच्या बॅकअप टूलमधून दर रविवारी मी ते करते.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, लागतं का, हा प्रश्न सगळे विचारतात. प्रिंटरच्या त्या संध्याकाळी भाच्याने काळ्या खिडकीत बरंच काही लिहिलं. रोजच्या कामासाठी मी ती खिडकी उघडत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधायचं आणि बसवायचं. एकच सॉफ्टवेअर तिथे दोन रूपांत दिसतं, साधं पॅकेज आणि फ्लॅटपॅक, म्हणजे स्वतःला लागणारं बरंचसं सोबत घेऊन येणारं. फ्लॅटपॅक बऱ्याचदा नवं असतं पण जागा पुष्कळ खातं, म्हणून २५६ जीबीत मी साधंच घेते.

झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं हे माझ्या यंत्रावर ठीक चालतं. बॅटरी विंडोजवर जेवढी टिकायची साधारण तेवढीच टिकते, म्हणजे जुन्या बॅटरीकडून ठेवावी तेवढी अपेक्षा. ब्लूटूथचा हेडफोन कधीकधी जोडून घ्यायला दोनदा सांगावं लागतं.

पैसे पडत नाहीत. मिंट देणग्या आणि पुरस्कर्त्यांवर चालतं, आणि दर महिन्याला ते देणाऱ्यांचे आभार मानून हिशेब मांडतात. माझा खर्च एसएसडी आणि रॅमचा, नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने किरकोळ. दुकानदाराने एसएसडी बसवताना ‘विंडोज टाकून देऊ का, तीनशे रुपयांत’ असं विचारलं होतं, ते अर्थातच चोरीचं.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी डिस्कला हात लावायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहावं, तशी सोय आहे आणि त्यात तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही. थोडं हळू चालेल, तिकडे दुर्लक्ष करा. वायफाय लागतंय का पाहा, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का. प्रिंटर जोडून एक पान काढा. मराठी कीबोर्ड जोडा आणि तुमच्याकडची सगळ्यात अवघड वर्ड फाइल, तक्ते आणि मंगलवाली, उघडून पानं मोजा. एवढं होईस्तोवर तासभर जातो. प्रिंटरपाशी अडलात तर तो तासही पुरणार नाही, तेव्हा प्रिंटरपासूनच सुरुवात केलेली बरी.